बारिलोचेची बॅग: स्वेटर कमी, फिकट सदरे जास्त

वन्सं सहकुटुंब येत्या जानेवारीत अर्जेंटिनातल्या बारिलोचेला निघाल्या आहेत. "तुमची यादी पाठव गं," असा निरोप आला. यादी करायला बसले तर प्रत्येक वस्तूपुढे एकेक गोष्ट आठवत गेली, म्हणून सलगच लिहिते. आम्ही पाच जण गेलो होतो: आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई.

अँडीज म्हटलं की आपल्याकडे आधी उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या निघतात. इथे त्यांची गरज पडली नाही. नाहुएल वापी सरोवराच्या काठावरचं हे गाव समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली आहे. मुलांना आम्ही चालवत नेलं तो फ्रे नावाचा डोंगरातला निवारा १,७०० मीटरवर, कळसूबाईहून जरासाच उंच. आणि जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. दुपारी अर्ध्या बाह्या पुरतात, सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, आणि तो मावळला की मात्र अंगावर काहीतरी लागतं. माणशी एक गरम जाकीट, एक वारा अडवणारं विंडचीटर, बस. पश्चिमेचा वारा सरोवरावरून असा येतो की होडीच्या डेकवर सासूबाईंची कानटोपी पदरानं बांधावी लागली. उन्हाची मलमं मात्र हात सैल सोडून घ्या. हवा गार लागते म्हणून ऊन कळत नाही, आणि संध्याकाळी नाकाचा शेंडा सोलून निघतो.

आता महत्त्वाचं. कपडे फिकट रंगाचे घ्या. पांढरे, मोतिया, फिकट पिवळे, काहीही, पण काळे आणि गडद निळे नकोत. कारण टाबानो. ही आपल्या गोमाशीची थोराड बहीण. डिसेंबरच्या मध्यापासून साधारण जानेवारी संपेपर्यंत, उन्हं तापली की पाण्याकाठी येते, आणि गडद रंगावर जीव टाकते. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या ट्रेकिंगच्या पँटी बघा, सगळ्या काळ्या नाहीतर नेव्ही ब्लू! गुतिएरेस सरोवराच्या काठी आम्ही डबा उघडला तेव्हा मुलाच्या निळ्या टी-शर्टभोवती सात-आठ माशा गरगरत होत्या आणि तो एका हातात धपाटा धरून दुसऱ्यानं टाळ्या वाजवत धावत होता. शेजारीच सासूबाई फिकट पिवळ्या सुती साडीत शांतपणे जेवत होत्या. त्यांच्याकडे एकही फिरकली नाही. डासांचं मलम आम्ही लावून पाहिलं, आमच्या अंगावर तरी त्याचा उपयोग दिसला नाही. त्या दिवशी मुलाला मी माझा पांढरा कुर्ता घातला. गुडघ्याखाली येत होता, पण जेवण झालं.

दुसरी गोष्ट उंदरांची. घाबरवायला सांगत नाही. या भागातला लांब शेपटीचा रानउंदीर हंता विषाणू वाहतो. वाळलेल्या लेंडीची, मुताची धूळ श्वासात गेली तर आजार होऊ शकतो, आणि तो साधा नसतो. म्हणून रानातली लाकडी केबिन भाड्यानं घेतली असेल तर आधी दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबायचं, आणि कोरडा झाडू मुळीच मारायचा नाही, ब्लीच घातलेल्या पाण्यानं ओलं पुसायचं. यादीत त्यासाठी रबरी हातमोजे आणि दोन पुसणी. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यांत. कोलिहुए नावाचा तिथला बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतो आणि त्याच्या बियांवर उंदीर अतोनात होतात. मिझोराममध्ये बांबू फुलल्यावर उंदरांचा सुळसुळाट होतो, त्या मौतामसारखंच.

खाऊचं बोलायचं तर भाजणी, मेतकूट, लसणीची कोरडी चटणी, भाजलेले पोहे, चिक्की न्या, दुकानाच्या बंद पाकिटात असेल तितकं बरं, आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहून मोकळं व्हा. पेढे, बर्फी, ताजी फळं घरी ठेवा. पॅटागोनियानं, म्हणजे बारिलोचे ज्यात येतं त्या दक्षिण भागानं, आपला मुलूख फळमाशीपासून मुक्त ठेवला आहे, त्यामुळे ब्युनोस आयर्समध्ये घेतलेली सफरचंदंसुद्धा पुढे नेता येत नाहीत, तपासणीत काढून घेतात. शाकाहारींनी एक वाक्य पाठ करावं. "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, पण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः गाईचं. कोंबडी आणि हॅम त्यात धरतीलच असं नाही. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन खामोन" असं तिन्ही म्हणायचं. खाणारे असाल तर बुधवारी किंवा रविवारी कोलोनिया सुइसाला जा. तापलेल्या दगडांवर पानं, मांस, भोपळा, बटाटे रचून वरून माती लोटतात. कुरांतो म्हणतात त्याला. रायगडच्या माणसाला पोपटी आठवल्याशिवाय राहणार नाही.

थर्मास घ्याच. तो देश माते, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या पानांचा काढा, पितो, जो तो काखेत थर्मास घेऊन हिंडतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर, कँटीनमध्ये गरम पाणी मागितलं तर कुणी चमकत नाही. चहाची पूड, साखर, दूध पावडर आणि एक गाळणं जवळ असलं की सासूबाईंचा प्रश्न सुटतो. आमचा सुटला.

प्रवासाचं थोडक्यात. ब्युनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. परदेशातून आपण एसेइसाला उतरतो, बारिलोचेची बरीच विमानं शहरातल्या आएरोपार्केवरून सुटतात. तिकीट काढतानाच नाव नीट वाचा, आणि मध्ये शहर ओलांडायला भरपूर तास ठेवा. प्लगच्या पिना तिरक्या, ऑस्ट्रेलियासारख्या, म्हणून अ‍ॅडॉप्टर इथूनच. बसला रोख चालत नाही असं धरून चाला आणि सुबे कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं बसचं कार्ड, पहिल्याच दिवशी घ्या. सरोवराकाठच्या बुस्तियो रस्त्यावरचे पत्ते किलोमीटरमध्ये असतात: काम्पानारियोची पाळणाखुर्ची १७.५ वर, याओ याओ हॉटेल २५ च्या सुमारास. घर घेताना "गावात" म्हणजे नक्की कितव्या किलोमीटरला ते विचारा. आमचं तेराव्याला होतं. दूध आणायलाही बस.

फ्रेला जाण्याआधी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं, आणि मुक्काम करायचा तर जागाही आधीच. कातेद्राल डोंगराच्या पायथ्यापासून चार तास धरा, मुलं असतील तर पाच. सुरुवात सोपी, सरोवर खाली दिसत राहतं. पिएद्रितास म्हणून एका प्रचंड शिळेखाली खोपटं आहे, तिथे चिक्की वाटायची, कारण खरी चढण त्यापुढे. चालण्याच्या काठ्या गावात भाड्यानं मिळतात, विमानातून लादू नका. बूट मात्र घरी महिनाभर वापरलेले हवेत. लेकीनं नवे कोरे घातले आणि परतीचा निम्मा रस्ता चपलांवर, मोज्यांसकट उतरली. बँडेड माणशी दहा.

सासूबाईंसाठी त्रोनादोर या बर्फाच्या डोंगराचा दिवस ठेवला होता, कारण तिथे गाडी जवळपर्यंत जाते. पण रस्ता अरुंद आणि मातीचा. सकाळी फक्त वर जायला, दुपारनंतर फक्त खाली यायला. सकाळची वेळ चुकली तर गेलात परत, आणि वर गेलात की दुपारपर्यंत अडकलात. म्हणून गाडीत पूर्ण जेवण, पाणी, पत्त्यांचा कॅट आणि पांघरूण. काळ्या हिमनदीसमोर, दगडमातीनं मळलेल्या त्या बर्फाकडे बघत, आम्ही तीन डाव बदाम सात खेळलो. तिन्ही सासूबाईंनी जिंकले.

तीन स्वेटर आणि लोकरीचे पायजमे घडी न मोडता परत आले. ती जागा रिकामी नेली असती तर रोसा मोस्केता, म्हणजे रानगुलाबाच्या फळांच्या जॅमच्या आणखी बाटल्या आल्या असत्या. त्या सामानाच्या बॅगेतच टाका. मी एक हातातल्या पिशवीत ठेवली होती, ती सुरक्षा तपासणीच्या टेबलावर राहिली.