मुलांचं मत विचारताना या चुका टाळा

मुलानं कुठं, कुणाबरोबर राहायचं हे बालकल्याण समिती ठरवते, आणि त्याआधी मुलाला व घरच्यांना भेटून सामाजिक तपास अहवाल लिहिला जातो. इंदूरमध्ये हा अहवाल लिहायला नवी मंडळी येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, फॉर्म किती वेळात भरून होतो?" मुलाशी बोलायला किती वेळ लागतो, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नातेवाइकांसमोर विचारणं. मीही केली आहे. बारा वर्षांची मुलगी, शेजारच्या खुर्चीत काका. मी विचारलं, "चाचा के साथ जाओगी?" तिनं मान हलवली आणि मी 'बालिका सहमत' लिहून मोकळी झाले. नंतर बाहेर पोहे मागवले. ती वरचा जिरावण मसाला बोटानं बाजूला सारत बसली होती. मग हळूच म्हणाली, "भाई को भी लाएँगे ना?" धाकटा भाऊ दुसऱ्या बालगृहात होता. काका त्याला नेणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत जाऊन ते वाक्य खोडलं. खरं काय ते कळायला आणखी दोन भेटी लागल्या.

तेव्हापासून काका-मामांना मी चहा आणायला पिटाळते. पहिल्या भेटीत वही उघडत नाही. आधी पर्याय सांगते: कुठं, कुणाबरोबर, भावंडांचं काय. मान हलली की म्हणते, "आता तूच मला सांग, मी काय म्हणाले."

अहवालाला 15 दिवस मिळतात. कमी पडतात म्हणणारे बहुतेक चौदाव्या दिवशी घराबाहेर पडलेले असतात.

दुसरी चूक गोड बोलण्याची: "तू म्हणशील तसंच होईल." असं कुठंही लिहिलेलं नाही. 2015 चा बालन्याय कायदा मुलाचं म्हणणं वय आणि समज पाहून विचारात घ्यायला सांगतो. ठरवणार समिती, हे आधीच सांगा. मुलं ते पचवतात, फसवणूक नाही पचवत.

'पुनर्वास', 'संरक्षण' असली दफ्तरी हिंदी घरी निमाडी बोली बोलणाऱ्या पोरासमोर नको.

बालगृहातल्या मुलांच्या स्वतःच्या समितीला 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 असे वेगळे गट हवेत. सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं की मोठेच बोलतात आणि धाकटे सह्या करतात.

आणि आदेश निघाला की त्याच दिवशी मुलाला जाऊन सांगा. त्याच्या मनाविरुद्ध असेल तर फोनवर उरकू नका.