गोल्डफिश उलटा तरंगत होता, खाणं बदललं

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी फुगीर अंगाचे 2 गोल्डफिश आहेत. एप्रिलमध्ये त्यातला केशरी पोट वर करून तरंगायला लागला. शेपटी मारत खाली जायचा आणि बुचासारखा परत वर यायचा. बघवत नव्हतं.

वर्षभर त्यांना एकच तरंगणारे दाणे, तेही लेक घालायची आणि मी पुन्हा घालायचे, म्हणजे खाणं जास्तच व्हायचं. गोल्डफिशला जठर नसतंच, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. म्हणून थोडं थोडंच द्यावं लागतं. शिवाय पाण्यावरचे दाणे टिपताना हवाही गिळली जाते.

2 दिवस उपास घातला. मग मटार उकडून, साल काढून, बारीक चुरून दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गडी सरळ पोहत होता! (पाणीच खराब असेल तर मात्र मटारानं भागत नाही, ते आधी तपासा.)

आता बुडणारे दाणे टँकच्याच पाण्यात भिजवून, 2 मिनिटांत संपतील एवढेच देते. अधूनमधून मटार, उकडलेला पालक, कधी गोठवलेले डॅफ्निया (पाण्यातले इवलेसे जीव). आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि त्यात उरलेलं अन्न कुजलं की अमोनिया वाढतो. म्हणून उरलेला दाणा लगेच जाळीनं काढते.