न्यू जर्सीत अपघात झाला तर: वकिलाआधी पॉलिसी बघा

एडिसन-आयसलिनच्या बाजूला राहायला आलात की रूट १वरच्या होर्डिंगवर आणि बसच्या पाठीवर अपघाताच्या वकिलांचे हसरे चेहरे दिसायला लागतात. 'जिंकलो तरच फी' असं खाली लिहिलेलं असतं. नुकत्याच आलेल्या माणसाला यात काहीतरी काळंबेरं वाटतं, कारण भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरातही करता येत नाही आणि निकालावर अवलंबून फीही ठरवता येत नाही. इथे दोन्ही रीतसर चालतं. मी वकील नाही, पण इथे बरीच वर्षं काढल्यामुळे नव्या मंडळींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न असतो, 'चांगला वकील सांगा.' माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: गाडीची पॉलिसी कशी घेतली आहे?

पॉलिसीचं डिक्लरेशन पेज, म्हणजे तुम्ही काय काय घेतलं आहे याचा सारांश असलेलं पान, काढा. त्यावर 'लिमिटेशन ऑन लॉसूट' किंवा 'नो लिमिटेशन' यांपैकी एक असतं. कोट घेताना पहिला पर्याय स्वस्त दिसतो म्हणून बहुतेक लोक तोच घेतात. काहीच निवडलं नाही तरी तोच लागू होतो. त्या एका खुणेने तुम्ही दुखण्या-सोसण्याबद्दल दावा करण्याचा हक्क सोडलेला असतो. अपवाद सहाच: मृत्यू, अवयव गमावणं, ठळक विद्रूपता किंवा व्रण, जागेवरून सरकलेलं फ्रॅक्चर, गर्भ दगावणं आणि कायमची इजा. कायमची म्हणजे डॉक्टरने तपासण्यांच्या आधारावर लेखी दिलेली. मान आखडली, काही आठवडे फिजिओ केलं आणि बरं वाटलं, तर ही केस बहुतेक वकील घेणारच नाहीत. लोक मग वकिलाला नावं ठेवतात. खरं तर निकाल पॉलिसी घेतली त्या संध्याकाळीच लागलेला असतो. ही खूण घरातल्या नवरा-बायको-मुलांनाही बांधते. उलट ज्याच्याकडे गाडी नाही आणि घरात कुणा नातेवाइकाचीही पॉलिसी नाही, अशा विद्यार्थ्याला क्रॉसवॉकवर कुणी उडवलं तर त्याच्यावर हे बंधन नसतं.

दुसरी ओळ 'पिप'ची, म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शनची. चूक कुणाचीही असो, तुमच्या दवाखान्याचा खर्च तुमचीच गाडीची कंपनी देते. समोरच्याने ठोकलं तर माझ्या कंपनीने का द्यायचं, हे पचायला वेळ लागतो, पण नियम तसा आहे. ठरलेली मर्यादा २,५०,००० डॉलर असते. प्रीमियम वाचवायला ती १५,०००पर्यंत खाली आणता येते. आणू नका. इमर्जन्सी रूममध्ये एक रात्र आणि दोन-तीन स्कॅन झाले की १५,००० कुठे गेले कळत नाही. तिथेच आणखी एक खूण असते: आधी हेल्थ इन्शुरन्स देईल, पिप नंतर. थोडे डॉलर वाचतात, पण नोकरीतले बरेच हेल्थ प्लॅन गाडीच्या अपघाताचा खर्च नाकारतात, आणि काही प्लॅन दिलेला खर्च पुढे तुमच्या सेटलमेंटमधून परत मागतात. एचआरकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय या खुणेला हात लावू नका. आई-बाबा इथे आले असताना तुमच्या गाडीत बसलेले असतील तर त्यांच्या उपचारांसाठीही आधी पिपच कामाला येतं. व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड पुढे करण्याआधी हे लक्षात ठेवा.

तिसरी ओळ, समोरच्याकडे इन्शुरन्स नसेल किंवा अपुरा असेल त्यासाठीची. १ जानेवारी २०२६पासून स्टँडर्ड पॉलिसीत लायबिलिटीची, म्हणजे चूक करणाऱ्याच्या कंपनीने समोरच्याच्या इजेसाठी द्यायच्या रकमेची, किमान मर्यादा एका माणसामागे ३५,००० आणि एका अपघातामागे ७०,००० डॉलर आहे. समोरच्याने किमानच घेतलेली असेल आणि तुमची मांडी मोडली असेल, तर वकील कितीही हुशार असो, त्या कंपनीकडून येणार तेवढंच. उरलेलं तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतून मिळतं, तेही तुमची मर्यादा समोरच्यापेक्षा मोठी असेल तरच. लायबिलिटीइतकीच ही रक्कम घ्या.

आता प्रत्यक्ष अपघात. जागेवर मांडवली करायची आपली सवय इथे सोडायची. 'पोलीस नको, पाचशे डॉलर देतो' म्हणणारा माणूस संध्याकाळी फोन उचलत नाही. कुणाला लागलं असेल किंवा ५०० डॉलरच्या वर नुकसान असेल तर कळवणं कायद्याने बंधनकारकच आहे. पोलिसाने 'आर यू ओके?' विचारल्यावर आपण भिडस्तपणे 'आय ॲम फाइन' म्हणून मोकळे होतो. ते रिपोर्टमध्ये उतरतं. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. दवाखान्यात हेल्थ कार्डाबरोबर गाडीच्या पॉलिसीचा क्लेम नंबर द्या, नाहीतर बिलं चुकीच्या कंपनीकडे फिरत राहतात आणि शेवटी वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात.

समोरच्या कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे क्लेम हाताळणारा माणूस, दोन दिवसांत गोड आवाजात फोन करेल आणि रेकॉर्ड केलेलं निवेदन मागेल. ते द्यायला तुम्ही बांधील नाही. स्वतःच्या कंपनीला मात्र सहकार्य करावंच लागतं. पोलिसाकडून वाहतुकीचा नियम मोडल्याचं तिकीट मिळालं आणि कोर्टात चूक कबूल करायची वेळ आली तर 'सिव्हिल रिझर्व्हेशन' मागा, म्हणजे ती कबुली नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. आणि पाठदुखीचा क्लेम चालू असताना गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीमचे फोटो फेसबुकवर टाकू नयेत, हे वेगळं सांगायला हवं का? अनुभव म्हणतो, हवं.

वकील. आपला एच-वन व्हिसा करणारा किंवा घरखरेदीचं क्लोजिंग करणारा ओळखीचा माणूस या कामाला नको. मराठी आहे, मंडळात दिसतो, एवढ्यावरही जाऊ नका. न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट काही वकिलांना 'सर्टिफाइड सिव्हिल ट्रायल ॲटर्नी' असा दर्जा देतं; नाव शोधताना तो बघा. परवाना चालू आहे का हे राज्याच्या न्यायालयांच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतं. दवाखान्यातून किंवा टो ट्रकवाल्याकडून नंबर मिळाल्यासारखा कुणी अनोळखी माणूस फोन करून 'आमचा वकील, आमचा कायरोप्रॅक्टर' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घेऊन गिऱ्हाईक आणणाऱ्यांना इथे रनर म्हणतात आणि तो फौजदारी गुन्हा आहे.

पहिली भेट सहसा फुकट असते. पोलीस रिपोर्ट आणि डिक्लरेशन पेज घेऊन जा. माझी केस रोज कोण बघणार, शेवटची केस ज्यूरीपुढे कधी नेली, आणि हरलो तर तज्ज्ञ डॉक्टरांचा व कोर्टाचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हे सरळ विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात लिहून घ्या, कारण 'फी नाही' म्हणजे 'खर्च नाही' असं नव्हे. फीवर कोर्टाचीच मर्यादा आहे: पहिल्या ७,५०,००० डॉलरवर जास्तीत जास्त एक तृतीयांश, पुढे टप्प्याटप्प्याने कमी. तीही खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर. ६०,००० मिळाले आणि ६,००० खर्च झाला तर फी ५४,०००वर, म्हणजे १८,०००पर्यंत. लहान मुलाची केस खटल्याआधी मिटली तर मर्यादा २५ टक्के. करार लेखी हवा आणि दोघांच्या सह्यांची प्रत तुमच्या हातात हवी. फक्त गाडीचं नुकसान असेल तर वकिलाच्या फंदात पडू नका, कंपनीशी स्वतःच बोला.

मुदतीचं भान ठेवा. शारीरिक इजेच्या दाव्याला दोन वर्षं आहेत. पण एनजे ट्रान्झिटची (राज्याच्या सार्वजनिक वाहतुकीची) बस, टाउनशिपचा (इथल्या नगरपालिकेचा) ट्रक किंवा सरकारी जागा असेल तर ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि हा नियम माहीत नसल्याने चांगल्या केसेस बुडतात. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या टॅक्सीत लागलं तर नो-फॉल्टचा, म्हणजे चूक कुणाचीही असो उपचारांचा खर्च मिळण्याचा, अर्ज ३० दिवसांत. हे कॅलेंडर बघूनच वकील गाठा. 'इंडिया ट्रिपहून आल्यावर बघू' म्हणू नका.

वकील फोन उचलत नाही, सहा महिने काही कळवत नाही, असं झालं तर तो बदलता येतो. आपण उगाच संकोच करतो. फाइल नव्या वकिलाकडे जाते आणि जुन्याचा हिस्सा साधारणपणे त्याच एका फीमधून निघतो. नव्या करारावर सही करण्याआधी एवढं स्पष्ट करून घ्या.