१९६६चा ‘बॅटमॅन’ पुन्हा पाहायचा असेल तर

‘बॅटमॅन’ मालिकेच्या पहिल्याच भागाच्या शेवटी बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याचं डोकं लोखंडी शिकंज्यात अडकलेलं आहे, समोर खलनायक रिडलर खिदळतोय, आणि निवेदक श्वास रोखून विचारतोय, आता काय होणार? १२ जानेवारी १९६६, बुधवार. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर हे ज्यांनी पाहिलं, त्यांना उत्तरासाठी गुरुवारच्या संध्याकाळची वाट पाहावी लागली.

ही मालिका त्या एका रात्रीच्या हुरहुरीवर उभी आहे. म्हणून पुन्हा पाहताना पहिला नियम हा: एका दिवशी एकच भाग. पहिल्या दोन पर्वांत बहुतेक कथा दोन भागांच्या आहेत. पहिला भाग बुधवारी, दुसरा गुरुवारी, आणि जोडीची शीर्षकंही बऱ्याचदा एकमेकांशी यमक जुळवणारी. तुम्हीही तसंच करा. पहिला भाग संपला की टीव्ही बंद करा आणि घरातल्या मुलांना विचारा, हे दोघं सुटणार कसे? त्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशीपर्यंत जपून ठेवा.

हे मी अनुभवातून सांगतोय. सगळी मालिका हाती आली तेव्हा एका रविवारी मी लागोपाठ आठ भाग पाहिले, आणि पाचव्या भागापासून मन उडालं. लाल फोन वाजतो, शेक्सपिअरच्या पुतळ्याचं डोकं उघडून आतली कळ दाबली जाते, पुस्तकांचं कपाट सरकतं, दोघं खांबांवरून खाली घसरतात, गाडी गुहेतून सुसाट निघते. लागोपाठ पाहिलं की याचा कंटाळा येतो. आठवड्यातून एकदा पाहिलं की तेच आरतीसारखं वाटतं: पुढची ओळ पाठ असते, म्हणूनच ती यावीशी वाटते.

सुरुवातीपासून ओळीने १२० भाग पाहण्याचा हट्ट नको. आधी पहिल्या पर्वातल्या तीन जोड्या घ्या. रिडलरची ती पहिली जोडी तर हवीच. तिच्यात रिडलर बॅटमॅनला मारत नाही, त्याच्यावर खोट्या अटकेचा दावा ठोकतो. कोर्टात उभं राहायचं म्हणजे मुखवटा उतरवावा लागणार! फ्रँक गॉर्शिनचा रिडलर एका वाक्यात हसतो, कुजबुजतो आणि किंचाळतो. शेवटी एक मृत्यूही आहे, आणि त्या क्षणी बॅटमॅनचं दुःख खरं वाटतं. नंतर पेंग्विनची पहिली जोडी. या चोराला गुन्हाच सुचत नसतो. म्हणून तो छत्रीत लपवलेलं ध्वनियंत्र बॅटमॅनच्या हाती पडेल अशी व्यवस्था करतो, आणि ‘पेंग्विन आता काय करेल’ याचा बॅटमॅन जो तर्क लढवतो, तोच स्वतःची योजना म्हणून उचलतो. लेखनाच्या दृष्टीने ही माझी सर्वांत आवडती कथा. तिसरी जोडी ज्यूली न्यूमारच्या कॅटवूमनची, वाघासकट.

पडद्याची तयारीही महत्त्वाची. मालिका जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीची आहे, तेव्हा चित्र ताणून रुंद करू नका. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. नव्या टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. शक्य असेल तर २०१४मध्ये ब्लू-रेवर आलेली दुरुस्त आवृत्ती मिळवा. मालिका बनवणारी कंपनी एक आणि पात्रांचे हक्क दुसरीकडे, या गुंत्यामुळे ती इतकी वर्षं घरी पाहण्यासाठी निघालीच नव्हती. तिच्यातले जांभळे, हिरवे, पिवळे रंग पाहिले की त्या काळी रंगीत टीव्ही घेणाऱ्यांना काय मेजवानी मिळाली असेल ते कळतं.

आवडलेला भाग महिन्याभराने पुन्हा लावा आणि या वेळी गोष्ट सोडून कारागिरी बघा. खलनायकाच्या अड्ड्यात कॅमेरा तिरका होतो. गुहेतल्या प्रत्येक यंत्रावर नावाची पाटी आहे. दोघं दोर धरून इमारत चढतात तेव्हा खरं तर आडव्या जमिनीवर चालत असतात, कॅमेरा आडवा केलेला असतो; मध्येच खिडकी उघडून एखादा नामवंत डोकावतो. आणखी एक खलनायक, जोकर, याचा चेहरा जवळून पाहा: सीझर रोमेरोने मिशी काढायला नकार दिला, म्हणून पांढरा रंग मिशीवरूनच फासलाय. मारामारीतले ‘पॉव!’सारखे रंगीत शब्द सुरुवातीला चालू दृश्यावरच उमटतात. पुढे खर्च वाचवायला ते वेगळ्या पाटीसारखे मध्ये येतात. आणि निवेदकाचा तो आवाज? खुद्द निर्माते विल्यम डोझियर.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र बॅटमॅन झालेल्या ॲडम वेस्टकडे द्या. भोवती सगळा भडक तमाशा चाललेला असताना तो एकदाही डोळा मारत नाही. रॉबिनला अभ्यासाची आठवण करून देताना, सीटबेल्ट लावायला सांगताना त्याचा स्वर देवघरात बसल्यासारखा गंभीर. मुलांना तो खरा वीर वाटतो आणि मोठ्यांना हसू येतं, दोन्ही एकाच वाक्यात. हे फार अवघड काम आहे. याला नुसता पोरकटपणा म्हणणाऱ्यांनी त्याचा एखादा संवाद आरशासमोर म्हणून बघावा.

पहिल्या पर्वानंतर १९६६च्या उन्हाळ्यात आलेला चित्रपट पाहा. रिडलर, पेंग्विन, जोकर आणि कॅटवूमन हे चारही मोठे खलनायक त्यात एकत्र आहेत. दुसरं पर्व ६० भागांचं आहे आणि तिथे दम लागतो, म्हणून निवडूनच घ्या. ब्रूस ली ‘ग्रीन हॉर्नेट’ मालिकेतल्या काटोच्या भूमिकेत येतो ती जोडी चुकवू नका. तिसऱ्या पर्वात पैसा आटल्याचं दिसतं, काळ्या पार्श्वभूमीवर दोन-चार वस्तू ठेवून अड्डा उभा केलेला असतो. तरी यव्हॉन क्रेगची बॅटगर्ल आणि अर्था किटची गुरगुरणारी कॅटवूमन यांच्यासाठी आठवड्याला एक भाग काढाच.

एक जोडी मात्र शेवटासाठी राखून ठेवा: दुसऱ्या पर्वातली, पेंग्विन महापौरपदासाठी उभा राहतो ती. त्याच्या सभांना बँडबाजा आणि झुंबड; त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला बॅटमॅन मात्र नुसते मुद्दे मांडतो, आणि आरोग्याला बरं नाही म्हणून लहान बाळांचे पापे घ्यायलाही नकार देतो. कोण जिंकतं ते इथे सांगणार नाही. बुधवारी पहिला भाग लावा, गुरुवारी दुसरा.