फ्रेम आधी, कागद नंतर

कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, करायचं ठरलं की हात आधी कात्री आणि जुन्या मासिकांकडे जातो. माझं सांगणं उलटं आहे : आधी फ्रेम शोधा. माप तीच ठरवते. माळ्यावर एखादी निघतेच; नाहीतर ओळखीच्या कबाडीवाल्याला सांगून ठेवा. नागपूरच्या महाल-इतवारीतला जुना वाडा पाडला की तसबिरी शेवटी कबाड्याकडेच येतात.

फ्रेम हातात आली की उलटी करून कोपऱ्यावर टिचक्या मारा. बारीक, पिवळसर भुसा गळला तर लाकडाला कीड लागलीय; सागवानी असली तरी घरात आणू नका. मागचे गंजके खिळे पकडीने सरळ ओढा, तिरपे ओढले तर पट्टी चिरते. आतल्या चित्राची खालची कड नीट वाचा. रविवर्मा प्रेसचं नाव दिसलं तर त्या चित्राला कात्री लावायची नाही, ते तसंच जपायचं. मग फ्रेमची मागची खाच किती खोल आहे ते मोजा. काच, माउंट (काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट), तीन-चार थरांचं काम आणि मागचा पुठ्ठा, एवढं सगळं तिच्यात बसायला हवं. माउंट गाळू नका. पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. फ्रेम नाहीच मिळाली तरी अडत नाही. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि त्या लंबगोल चित्राला कडेने दोरखंड लावला. तीच त्याची फ्रेम.

आता कागद. लग्नपत्रिका, पंचांगाची पानं, बसची तिकिटं, शिंप्याकडची कातरणं, सगळं चालतं. वर्तमानपत्राचा कागद उन्हाने पिवळा पडतो, तो पिवळेपणा हवा असेल तिथेच वापरा. आजीच्या हिशेबाच्या वहीतलं पान, एकुलता एक फोटो, पोस्टकार्ड मात्र कापू नका, मला ते बघवत नाही. त्यांची झेरॉक्स काढा. झेरॉक्सची शाई ओल्या गोंदाने पसरत नाही, घरच्या इंकजेट प्रिंटरची बहुधा पसरते.

फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, चपटा ब्रश आणि जुनं सुती फडकं जवळ ठेवा. मे महिन्यात चिकटवायचं काम सकाळी लवकर उरका. दुपारी कूलर लावावाच लागतो, आणि त्याच्या दमट वाऱ्याने कागद सर्दावतात, मांडलेले तुकडे खोलीभर उडतात.