जाहिरातीत टोमणा दिसला की आधी आवाज बंद करा

माझी भाची अधूनमधून एखादी क्लिप पाठवते आणि खाली लिहिते, "मावशी, बघ, कसली जिरवली!" एका गेम कंपनीने दुसरीची जिरवलेली असते. मी जाहिरातींच्या ओळी लिहून पोट भरते, त्यामुळे चांगल्या टोमण्याचं मला कौतुक वाटतंच. पण त्याच्या भरवशावर कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, घेऊ नये, हे ओळ लिहिणारीलाच जास्त ठाऊक असतं. भाचीला एकदा समजावलेली रीत इथे लिहून काढते. कागद-पेन घ्या, क्लिप लावा आणि पहिल्या फेरीला आवाज बंद ठेवा.

आवाज बंद का, ते सेगा या गेम कंपनीच्या 'ब्लास्ट प्रोसेसिंग'च्या जाहिरातीवरून कळेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, अमेरिकेतली. एक शर्यतीची गाडी, तिच्यावर टीव्ही, त्यावर सेगाच्या जेनेसिस कन्सोलचे गेम पळताहेत. शेजारी एक खटारा, त्याच्या टीव्हीवर प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या सुपर निन्टेंडो कन्सोलवरचा 'सुपर मारिओ कार्ट' हा गेम. शर्यतीची गाडी सुसाट सुटते आणि खटारा रखडतो. निवेदक सांगतो, ही ब्लास्ट प्रोसेसिंगची करामत. आवाज बंद असेल तर कागदावर एवढंच उतरतं: 'एक गाडी जोरात गेली.' कन्सोलबद्दल एक अक्षरही नाही.

आता आवाज लावा आणि दाव्याखाली काही खरं आहे का ते शोधा. बहुतेक वेळा थोडंसं असतंच. निव्वळ थापेवर जाहिरात उभी राहत नाही. जेनेसिसचा प्रोसेसर सुमारे ७.६ मेगाहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष ठोके), सुपर निन्टेंडोचा जास्तीत जास्त ३.५८ चा. हा फरक खराच होता. मात्र दोन्ही प्रोसेसर वेगळ्या घराण्यातले, एका ठोक्यात दोघे सारखंच काम करत नाहीत, म्हणून आकड्याला आकडा लावून निकाल देता येत नाही. शिवाय सुपर निन्टेंडो पडद्यावर एका वेळी २५६ रंग दाखवू शकायचा, जेनेसिस ६४. मला सगळ्यात गंमत वाटते ती मारिओ कार्टची. त्यातला गोल फिरणारा, दूरवर निमुळता होत जाणारा रस्ता सुपर निन्टेंडोच्या ग्राफिक्स चिपची खासियत. जेनेसिसच्या चिपमध्ये ती सोयच नव्हती. म्हणजे ज्या खटाऱ्याला हसायचं, त्याच्याच टीव्हीवर सेगाला न जमणारी गोष्ट चालू होती!

यावरून पुढची पायरी: मोजपट्टी कोणी निवडली ते लिहा. टोमणा मारणारा नेहमी आपल्या सोयीचंच मैदान घेतो. त्या काळात 'बिट', म्हणजे चिप एका वेळी किती मोठा आकडा हाताळते त्याचं माप, ही सगळ्यांची लाडकी मोजपट्टी होती. टर्बोग्राफ्स-१६ या कन्सोलच्या नावातच सोळा होतं, पण त्याचा मुख्य प्रोसेसर आठ बिटचा. सोळाची पदवी ग्राफिक्सच्या चिपांमुळे. १९९३ मध्ये अटारी कंपनीने जॅग्वार हा कन्सोल आणला आणि ६४ बिटच्या बढाईसोबत 'डू द मॅथ' असं घोषवाक्य दिलं. हिशेब करा म्हणे. लोकांनी आत पाहिलं तर ३२ बिटचे प्रोसेसरही निघाले, ६४ बिटचे भागही निघाले, आणि वाद आजतागायत मिटलेला नाही. खेळायला धड गेम मात्र फारसे आले नाहीत. हल्ली तीच जागा टेराफ्लॉप्सने, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात त्या मापाने, घेतली आहे. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्सवाले १२ टेराफ्लॉप्स सांगत होते आणि १०.२८ वाले सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे लोक एसएसडीच्या, म्हणजे गेम साठवायच्या चिपांच्या, वेगाबद्दल बोलत होते. दोघंही खरं बोलत होते. ज्याची जिथे बाजू लंगडी, तिथे तो गप्प.

म्हणून कागदावर दुसरा रकाना आखा: 'काय सांगितलं नाही'. निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉयचा पडदा हिरवट, बिनरंगी. सेगाने आपल्या तसल्याच गेम गिअरच्या जाहिरातींत त्यावरून त्याची यथेच्छ टर उडवली. रंगीत पडदा आमचा, त्यांचा कळकट, अगदी खरं. पण गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर सहज चालायचा. खिशात घेऊन फिरायच्या यंत्रात हा रकाना रंगाहून मोठा ठरला.

इथे माझंच एक पाप कबूल करते. एका छोट्या मोबाइल गेम कंपनीसाठी मी ओळ लिहिली होती: 'तिकडे १२० लेव्हल, इकडे ३००.' हातात आलेल्या कागदावरून लिहिली, गेम उघडून पाहिला नव्हता. आठवड्याभरात कुणीतरी आमच्या लेव्हलींचे फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवले. तोच चक्रव्यूह, भिंतींचा रंग तेवढा बदललेला. ओळ काढावी लागली. तेव्हापासून कुणी नग मोजून दाखवले की मी आधी विचारते, नग म्हणजे नक्की काय?

टोमणा कोण कोणाला मारतोय तेही पाहा. 'जेनेसिस डझ व्हॉट निन्टेंडोन्ट' ही ओळ मराठीत आणता येत नाही. निन्टेंडोच्या नावाला इंग्रजी 'नाही' जोडून केलेली कोटी आहे, आणि मला तिचा अजून हेवा वाटतो. ती सुचली तेव्हा अमेरिकेतला बाजार जवळपास निन्टेंडोच्या मुठीत होता. मागे असलेल्यालाच पुढच्याचं नाव घेणं परवडतं. पुढच्याने मागच्याचं नाव घेतलं तर फुकटात त्याची जाहिरात होते. आणि नुसत्या चिमट्यांनी सेगा वर आली नाही. १९९० मध्ये टॉम कालिन्स्के अमेरिकेतल्या सेगाचे प्रमुख झाले; त्यांनी किंमत उतरवली आणि १९९१ मध्ये कन्सोलच्या खोक्यात 'सॉनिक' हा गेम घातला. चिमटा वरची फोडणी होती.

सर्वांत कठीण टोमणा तो, ज्यात खोट काढता येत नाही. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात सेगाने आपला नवा कन्सोल सॅटर्न ३९९ डॉलरला जाहीर केला. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून नुसतं '२९९' म्हणाले आणि निघून गेले. संपलं भाषण! अशा वेळी मी कागद बाजूला ठेवत नाही, उलट जास्त बारकाईने बघते, कारण टाळ्यांच्या आवाजात पुढचं वाक्य बुडतं. २०१३ चं ई३ घ्या. एक्सबॉक्स वनवर वापरलेले गेम दुसऱ्याला देण्यावर बंधनं येणार म्हणून लोक चिडलेले. सोनीने इवलासा व्हिडिओ काढला: गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एकजण डबी पुढे करतो, दुसरा घेतो. झालं. वर किंमत ३९९ डॉलर, एक्सबॉक्सची ४९९. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पण एक्सबॉक्सच्या किमतीत किनेक्ट कॅमेरा होता, प्लेस्टेशन ४ चा कॅमेरा वेगळा विकत घ्यायचा होता. आणि त्याच रात्री हेही कळलं की प्लेस्टेशन ४ वर इतरांशी ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक गेमना प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागेल. आधीच्या प्लेस्टेशन ३ वर ते फुकट होतं. माझ्या दुसऱ्या रकान्यात ही दोन्ही वाक्यं गेली असती.

विक्रीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. 'दुकानांना पाठवले' आणि 'लोकांनी घेतले' यात गोदामाएवढं अंतर असतं, तेव्हा क्रियापद नीट वाचा. कंपनीने मोजायची गोष्टच बदलली तर खूण करून ठेवा: २०१५ पासून मायक्रोसॉफ्टने किती एक्सबॉक्स विकले ते सांगणं थांबवलं आणि किती लोक वापरतात ते सांगायला लागली.

एवढं झाल्यावरही हात शिवशिवत असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला दोन गोष्टी लिहा: येत्या वर्षभरात तुम्हाला खरोखर खेळायचे असलेले चार गेम, आणि तुम्ही ज्यांच्याबरोबर रात्री खेळता त्यांच्याकडे कोणता कन्सोल आहे. भाचीने गेल्या वेळी हे लिहून पाठवलं. गेम तीनच सुचले, तिन्ही तिच्या जुन्या कन्सोलवर येणार होते. खाली तिने लिहिलं होतं, "पण मावशी, जिरवली मात्र मस्त ना?"