सोलापुरात घराचं काम काढण्याआधी

रेल्वेत, बँकेत, एनटीपीसीच्या प्रकल्पावर किंवा विद्यापीठात नोकरी लागून सोलापुरात आलेली माणसं सुरुवातीला भाड्याच्या घरात राहतात. मग जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशा भागात एखादं जुनं घर किंवा वापरलेला फ्लॅट घेतात. घर ताब्यात आलं की विचारणा सुरू होते, "ताई, चांगला कॉन्ट्रॅक्टर आहे का कुणी ओळखीचा?" मी मूळची रत्नागिरीकडची. नोकरीनं इथं आणलं आणि आता हेच माझं गाव आहे. कुणाचाही नंबर देण्याआधी मी जे सांगत असते, ते सगळं इथं एकदा नीट लिहिते आहे.

कोकणातून किंवा पुण्या-मुंबईहून येणाऱ्याच्या मनात घराचं जे चित्र असतं, ते इथं जसंच्या तसं चालत नाही. इथलं घर पाणी आणि ऊन या दोन गोष्टींवर बेतावं लागतं. त्यामुळे माणूस पारखताना मी एकच बघते, घर बघायला आल्यावर तो आधी काय विचारतो. आल्याआल्या मोबाइलवर फॉल्स सीलिंगचे फोटो दाखवायला लागला, तर चहा पाजा आणि दुसऱ्याला बोलवा. "पाणी किती दिवसांनी सुटतंय तुमच्यात? हौद केवढा हाय? बोअर हाय का?" असं विचारत जो थेट हौदाचं झाकण उचलतो आणि तिथून गच्चीवर चढतो, त्याच्याशी दराचं बोलणं करावं.

शहराला उजनी धरण, टाकळीजवळची भीमा आणि हिप्परग्याचा तलाव इथून पाणी येतं. बऱ्याच भागांत ते काही दिवसांआड आणि ठरलेल्या वेळेलाच सुटतं. तुमच्या गल्लीचा क्रम शेजारच्या काकूंना विचारा, त्यांना तो पाठ असतो. मग हौदाचा हिशेब मांडा. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांना ५४० लिटर, म्हणजे पाच दिवसांना २,७०० लिटर. आतून पाच बाय पाच फूट आणि चार फूट पाणी उभं राहील असा हौद १०० घनफुटांचा, त्यात साधारण २,८३० लिटर मावतात. यापेक्षा लहान हौद असेल तर मॉड्युलर किचनचा विचार बाजूला ठेवून पैसा आधी इथं घाला. जुना हौद गळतो का, हे कळायला काही खर्च नाही. रात्री आत येणारा कॉक बंद करा, मोटर बंद ठेवा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा.

कामालाही पाणी लागतं, आणि ते कुणी आणायचं यावरून इथं हमखास वाद होतो. टँकर मालकानं मागवायचा की ठेकेदारानं, हे लिहून घ्या. सिमेंटच्या कामावर पाणी मारणं सोलापुरात कधीच टाळू देऊ नका. आयएस ४५६ या भारतीय मानकात कोरड्या आणि उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगितलं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी मारलेलं पाणी अकरापर्यंत उडून जातं. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवायचं, कॉलमला आणि भिंतीला ओलं गोणपाट गुंडाळायचं. दिवसातून किती वेळा आणि कुणी पाणी मारायचं, हे बोलून ठरवा. गवंडी संध्याकाळी घरी जातो. त्यानंतरचं पाणी बहुतेक घरमालकालाच मारावं लागतं.

आता ऊन. एकमजली घर असेल किंवा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, तर दुपारी तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत आत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढरे चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे, बसवणं किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप देणं, यातलं एक तरी करून घ्या. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा नसेल तर तो घालायला लावा. कोकणातल्या माणसाला सहसा न सुचणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कूलर. आमच्याकडच्या दमट हवेत कूलरचा काही उपयोग होत नाही. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात तो फार छान चालतो आणि एसीपेक्षा वीज कितीतरी कमी खातो. म्हणून खिडक्या बदलताना एका खिडकीत कूलरची जागा, बाहेर स्टँड, जवळ नळाचा पॉइंट आणि प्लग हे आधीच सांगून ठेवा. नंतर टाइल्स फोडून ते करणं जिवावर येतं. एसी बसवणारच असाल तर मेन बोर्डापासून त्याची तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर वेगळी ओढून घ्या आणि वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

पावसाबद्दल बाहेरून आलेल्यांचा अंदाज चुकतो. इथं पाऊस एकूण कमीच, पण तो कोकणासारखा जून-जुलैत कोसळत नाही. सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, जूनमध्ये दोन सरी आल्या, छत कोरडं राहिलं, म्हणून लोक पूर्ण पैसे देऊन मोकळे होतात. खरी परीक्षा अजून व्हायचीच असते. गच्चीचं काम असेल तर एकूण रकमेतला काही भाग सप्टेंबर सरेपर्यंत हातात ठेवायचा, हे करारातच लिहा. चांगला ठेकेदार याला हरकत घेत नाही. थोडी घासाघीस करेल, आणि तो त्याचा हक्क आहे. त्याचं जुनं काम बघायला जाल तेव्हाही नुकतं रंगवलेलं घर बघून भुलू नका. दोन-तीन पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा. तिथल्या गृहिणीला स्वयंपाकघरात उभं राहून विचारा, की बाथरूमच्या मागची भिंत फुगली का आणि काही बिघडल्यावर हा माणूस फोन उचलतो का.

जुन्या घराच्या भिंतीत तडे दिसले तर लगेच पुट्टी भरून रंग देऊ नका. इथली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. पाया उथळ असला की वरची भिंत तिच्याबरोबर हलते. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवा, तारीख लिहा आणि काही महिने बघा. काच तडकली तर तडा अजून हलतो आहे. अशा वेळी रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो घेतो ते पैसे पुढं वाया जाणाऱ्या रंगापेक्षा स्वस्त पडतात.

गावठाणातल्या पेठांमध्ये दगड-मातीचं, माळवदाचं (म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं) घर घेतलं असेल, तर तिथं प्रत्येक जाड भिंत छताचं ओझं घेऊन उभी असते. "हॉल मोठा करू की, ही भिंत काढून टाकू" असं कुणी सहज म्हणालं, तर त्या माणसाला काम देऊ नका. एवढं ठाम मी बाकी कुठल्याच बाबतीत सांगणार नाही. आरसीसीच्या, म्हणजे सळ्या आणि काँक्रीटचा सांगाडा असलेल्या घरातही पाइपसाठी बीम किंवा कॉलम फोडू देऊ नका.

दर मागवताना तिघांना एकच यादी द्या. नुसतं "बाथरूमचं काय घ्याल?" विचारलं तर तिघं तीन वेगळ्या बाथरूमचा दर सांगतील. टाइल्स चौरस फुटावर, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइल्सची पट्टी) रनिंग फुटावर म्हणजे नुसत्या लांबीवर, वायरिंग पॉइंटवर, वाळू आणि खडी ब्रासवर, असं प्रत्येकाचं माप ठरलेलं असतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टर आणि रंगाच्या मापात दार-खिडक्यांची वजावट करायची की नाही, हे आधी ठरवा, नाहीतर बिलाच्या दिवशी तोंडं वाकडी होतात. दर मटेरियलसह आहे की फक्त मजुरीचा, जीएसटी धरून की सोडून, राडारोडा ट्रॉलीनं उचलून नेण्याचा खर्च कुणाचा, हेही विचारा. नव्या गावात तुमची दुकानांत ओळख नसते, त्यामुळे सगळंच ठेकेदारावर सोडावंसं वाटतं. माझं मत असं, की सिमेंट, वाळू, विटा त्याच्याकडे असू द्या. पण पाइप, वायर, नळ आणि टाइल्स स्वतः दुकानात जाऊन पक्क्या बिलावर घ्या. फरशीच्या बाबतीत सोलापूर भाग्यवान आहे. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, त्यामुळे गच्चीला, अंगणाला, पार्किंगला शहाबादी फरशीसारखी सोयीची दुसरी नाही.

लेखी करार म्हटलं की काहींना संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तसं काही नाही. कामाची यादी, मालाची कंपनी आणि ग्रेड, दर, हप्ते, अंदाजे तारखा, आणि जादा काम निघालं तर त्याचा दर आधी लिहून मगच सुरुवात, एवढं दोन पानांत बसतं. दोघांनी सही करायची. उचल थोडी द्या, साधारण दहा टक्के, आणि पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. बाथरूमचं उदाहरण घ्या. तोडफोड आणि पाइप झाले की एक हप्ता. टाइल्स लावण्याआधी पाइपमध्ये दाब देऊन गळती तपासा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी नको, सीपीव्हीसीसारखा उष्णता सोसणारा पाइप हवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी जाण्याची जाळी बंद करून किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा, मगच दुसरा हप्ता. टाइल्स बसल्यावर काठीनं टकटक करून पोकळ आवाज कुठं येतो ते ऐका, आणि बादलीभर पाणी ओतून ते सगळं जाळीकडे जातं का बघा. डबकं राहिलं तर ती टाइल तेव्हाच काढायला लावा.

कामावरची माणसं घरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी असं काहीही बोलणारी असतात. सूचना मात्र एकाच माणसाला द्या, मिस्त्रीला. बिगाऱ्याला वेगळं, प्लंबरला वेगळं सांगत बसलात तर कामाचा विचका होतो. सांगायचं ते खडूनं भिंतीवर काढून दाखवा, सगळ्या भाषांत समजतं. उन्हाळ्यात माणसं लवकर येतात, दुपारी सावलीला थांबतात. त्यांच्या त्या विश्रांतीवर कुरकुर करू नका, प्यायला गार पाणी ठेवा. कामाच्या तारखा ठरवताना इथले सण डोळ्यांसमोर असू द्या. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, आषाढीला पंढरपूर, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. त्या दिवसांत काम बंद राहणार हे धरूनच चला. रागावून उपयोग नाही. उलट त्या दिवशी तुम्हीही बाहेर पडा, गाव आपलंसं व्हायला याहून सोपा रस्ता नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगते. रंग, प्लास्टर, फरशी बदलणं अशा दुरुस्तीला महापालिकेची बांधकाम परवानगी लागत नाही. खोली वाढवणं, मजला चढवणं, घराच्या सांगाड्यात बदल करणं याला लागते, आणि ती नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत घ्यावी लागते. राज्याची २०२० सालची एकत्रित बांधकाम नियमावली सोलापूरलाही लागू आहे. फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा, भाड्याचं घर असेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र घ्या. नवीन फ्लॅट घेतलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. रेरा या घर खरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणून ओल किंवा तडा दिसला तर स्वतः फोडाफोड करण्याआधी फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. एकदा तुमच्या ठेकेदाराचा हातोडा पडला, की दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो.

ठेकेदारानं काम अर्धवट सोडलं, तर फोनवर भांडण्यात दिवस घालवू नका. झालेल्या कामाचं माप दुसऱ्या इंजिनिअरकडून लेखी घ्या, ठेकेदाराला मुदत देऊन स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, आणि तरीही हालचाल नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. आयोगासमोर तुमच्या बाजूनं बोलतात ते सही केलेली दोन पानं, पक्की बिलं आणि बँकेतून दिलेले हप्ते. रोख द्यावेच लागले तर प्रत्येक वेळी वहीत त्याची सही घ्या.

टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरींचे फोटो काढा, शेजारी टेप लावून, म्हणजे कोपऱ्यापासून किती इंचावर काय आहे ते दिसेल. हे फोटो, करार, बिलं आणि मोटर-गिझरची वॉरंटी कार्डं एकाच फायलीत ठेवा. उद्या बदली होऊन घर विकायची वेळ आली, तर ती फाइल नव्या मालकाच्या हातात द्या.